पेत्राची पंगत

'पूर्वग्रह' हा शब्द आपण सहज वापरतो. परंतु त्याच्या घडणीकडे क्वचितच पाहतो. पूर्व म्हणजे आधी आणि ग्रह म्हणजे धरणे, पकडणे. समोरचा माणूस दारात येऊन उभा राहण्याआधीच मनाने त्याच्याविषयी जे घट्ट धरून ठेवलेले असते, तो पूर्वग्रह. अशी व्याख्या केली की हा सारा मनाचा व्यवहार वाटू लागतो आणि मग त्यावरचा उपायही मनातच शोधला जातो. विचार बदलावेत, दृष्टी विशाल करावी, सर्वांवर प्रेम करावे, असे आम्ही धर्मगुरू वेदीसमोर उभे राहून सांगतो. भाविक मान डोलावतात. आणि दुपारी घरी गेल्यावर ज्याला ज्या पंगतीत बसवीत नव्हते, त्याला त्या पंगतीत बसवीत नाहीतच.

पवित्र शास्त्र वाचताना मला गेली अनेक वर्षे एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवत आली आहे. शास्त्र पूर्वग्रहाचा शोध माणसाच्या मतांत फारसा घेत बसत नाही. ते त्याच्या ताटाकडे पाहते, त्याच्या पाण्याच्या भांड्याकडे पाहते, त्याच्या घराच्या उंबरठ्यापाशी थांबते आणि सभेत कोणाला कुठे बसविले याची नोंद ठेवते. पूर्वग्रह ओळखण्याच्या जागा याच, आणि त्याच्याशी झुंजण्याच्या जागाही याच. माझ्या वाचनातून आणि धर्मग्रामांतील अनुभवातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. पूर्वग्रह हा दुष्टांचा दुर्गुण आहे, असे आपण मानतो. शास्त्र तसे मानत नाही. शमुवेल हा तर इस्राएलचा थोर संदेष्टा. इशायाच्या घरी राजाचा अभिषेक करायला तो गेला आणि थोरल्या मुलाची उंची व रूप पाहून मनातल्या मनात त्याने निवडही करून टाकली. माणूस बाहेरचे पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो, हा धडा तिथे प्रत्यक्ष संदेष्ट्यालाच शिकावा लागला (१ शमुवेल १६). धाकटा दावीद मेंढरांमागे रानात होता. त्याला घरी बोलवावे असे त्याच्या बापालाही सुचले नव्हते. एली हा याजक. मंदिरात हन्ना मूकपणे ओठ हलवीत रडत प्रार्थना करीत होती आणि त्याने तिला दारू प्यालेली बाई ठरविले (१ शमुवेल १). आयुष्यभर मंदिरात वावरलेल्या याजकाला प्रार्थना ओळखता आली नाही. आम्हा धर्मगुरूंनी ही कथा वर्षातून एकदा तरी गुडघे टेकून वाचावी.

नथनेलाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. ज्याच्या ठायी कपट नाही, असे प्रशस्तिपत्र ज्याला खुद्द प्रभू येशूने दिले, तो हा माणूस. आणि तरीही नासरेथ हे नाव ऐकताच त्या गावातून चांगले ते काय येणार, असे त्याच्या तोंडून निघून गेले. संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटी सांगतो की नथनेल काना गावचा होता. काना हेही गालीलातलेच गाव, नासरेथपासून फार दूर नव्हते. यरुशलेमच्या शास्त्र्यांनी गालीलकरांना नावे ठेवावीत हे एक वेळ समजते. इथे तर गालीलकरच गालीलकराला नावे ठेवीत होता. पूर्वग्रहाची धार शेजारच्या गावासाठी सर्वांत तीक्ष्ण असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. वरच्या आळीचे, खालच्या आळीचे, बंदरावरचे, बागायतीतले, घाटावरचे, ही आपलीच भाषा आहे. फिलिपाने नथनेलाशी वाद घातला नाही. त्याने त्याला चल, स्वतः पाहा, एवढेच सुचविले. नथनेलाचा निष्कपटपणा असा की तो उठला आणि गेला.

आणखी एक लक्षण मिर्यामच्या कथेत आहे. मोशेने कूशी बायको केली म्हणून मिर्याम आणि अहरोन कुरकुरू लागले. पण त्यांनी पुढे केलेला मुद्दा वेगळाच होता: परमेश्वर काय एकट्या मोशेशीच बोलला आहे? (गणना १२). दुखणे त्या परक्या बाईचे, आणि वाद मात्र ईश्वरी अधिकाराचा! पूर्वग्रह स्वतःच्या नावाने क्वचितच बोलतो. तो परंपरेच्या, शिस्तीच्या, कधी धर्माच्या तोंडून बोलतो. म्हणून एखाद्या माणसाविषयी आपण फार धार्मिक कारणे देऊ लागलो की क्षणभर थांबून मागे काय दडले आहे ते पाहावे.

आता पाण्याकडे वळू. सूखार गावच्या विहिरीवर भर दुपारी प्रभू येशू थकून बसला होता. शोमरोनी स्त्री पाणी भरायला आली आणि त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले (योहान ४). यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवीत नसत, असा खुलासा योहान तिथेच करतो. त्या ठिकाणी आलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ एकमेकांची भांडी न वापरणे असाही होतो, असे काही भाष्यकार सांगतात. सेमिनरीत हा अर्थ प्रथम ऐकला तेव्हा मला भाष्याची गरजच वाटली नाही. प्रभूजवळ पोहरा नव्हता. म्हणजे पाणी प्यायचे तर तिच्याच भांड्यातून. जीवनाच्या पाण्याचे दान करायला आलेला प्रभू संभाषणाची सुरुवात दानाने करीत नाही, मागण्याने करतो. पुढे त्या गावकऱ्यांच्या आग्रहावरून तो तिथे दोन दिवस राहिला. दोन दिवस राहिला म्हणजे त्यांच्याच घरचे अन्न त्याने खाल्ले असणार.

माझा जन्म नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, एका लहान गावात झाला. आमच्या आजोबांच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला होता. वस्ती मात्र होती तिथेच, गावाबाहेर राहिली. एसटीच्या थांब्याजवळ चहाचे एक हॉटेल होते. तिथे भिंतीतल्या कोनाड्यात कान तुटलेले दोन-तीन कप आमच्या वस्तीसाठी वेगळे ठेवलेले असत. चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. तो हॉटेलवाला वाईट माणूस नव्हता. १९७२ च्या दुष्काळात त्याने वस्तीला ज्वारी उधार दिली होती, असे आई सांगत असे. माझ्या शाळेच्या वह्यांसाठीही त्याने एकदा पैसे दिले होते. पण आमच्या घरावरून जाताना आईने कितीदा तरी बोलावले असेल, त्याने तिच्या हातचा चहा कधी घेतला नाही.

देण्यात पूर्वग्रहाला काही अडचण नसते, हे मला त्या माणसाकडून कळले. देणारा वरच राहतो आणि घेणारा खाली. घेताना मात्र ही पायरी मोडते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, त्यामागे पाण्याची टंचाई हे कारण नव्हते. माणूस म्हणून सर्वांच्या बरोबरीने त्या काठावर उभे राहण्याचा प्रश्न होता. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत, त्यांना आठवेल की रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे लगेच सुटले नाही. विचार पटणे आणि परक्या हातचे पाणी घशाखाली उतरणे यांत किती अंतर असते, ते या बाईने जितक्या मोकळेपणाने सांगितले आहे तितके आम्ही प्रवचनकारांनी कधी सांगितलेले नाही.

हेच अंतर पेत्राला कसे कापावे लागले, याची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात आहे. तिचा आरंभ बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटतो. पेत्र यापो येथे समुद्रकाठी शिमोन नावाच्या, कातडी कमावणाऱ्या माणसाच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावरांशी सतत संबंध येणारा हा व्यवसाय. त्याच्या वासापासून लोक दूर राहत, त्याला हलका समजत. अशा घरी राहण्याइतका पेत्र तोवर बदलला होता. प्रभूच्या संगतीचा तो परिणाम होता. आणि त्याच घराच्या धाब्यावर भर दुपारी भुकेल्या पोटी प्रार्थना करताना त्याला दृष्टान्त झाला, आकाशातून चादरीसारखे पात्र उतरले, मारून खा अशी वाणी झाली, तेव्हा तो अभिमानाने म्हणाला की अशुद्ध असे मी आजवर काही खाल्लेले नाही. खाली कातडी कमावणाऱ्याचे घर आणि वर धाब्यावर ही शुद्धता! एक पूर्वग्रह सुटला की सगळेच सुटले, असे आपण समजतो. पेत्राचे तसे नव्हते, आपलेही नसते. दलितांविषयी तळमळीने बोलणारा माणूस परप्रांतीयांविषयी काय बोलतो ते ऐकावे. परप्रांतीयांना जवळ करणारा आदिवासींविषयी काय म्हणतो ते ऐकावे.

दृष्टान्त तीनदा झाला. तरी पेत्राला त्याचा अर्थ कळेना. अर्थ कळला तो दारात तीन परकी माणसे येऊन उभी राहिली तेव्हा. त्याने त्यांना आत घेतले आणि रात्री मुक्कामाला ठेवले. दुसऱ्या दिवशी तो सहा बंधूंना बरोबर घेऊन निघाला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे ५० किलोमीटर चालून कैसरियाला पोचला. त्या विदेशी शताधिपतीच्या, कर्नेल्याच्या, उंबरठ्याच्या आत गेल्यावरच त्याच्या मुखातून ते थोर उद्गार आले की कोणाही माणसाला अपवित्र म्हणू नये हे देवाने मला दाखवून दिले आहे, आणि देव तोंड पाहून न्याय करीत नाही. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी दारे उघडली, पाय चालले, उंबरठा ओलांडला. सिद्धान्त मागून आला.

या कथेतील आणखी एका बारकाव्याचे महत्त्व मला फार वाटते. कर्नेल्य हा सज्जन होता, दानधर्म करणारा, देवाचे भय बाळगणारा. अशा एखाद्या परक्याला अपवाद म्हणून स्वीकारणे कठीण नव्हते. परंतु पेत्र बोलत असताना पवित्र आत्मा एकट्या कर्नेल्यावर उतरला नाही. त्याने जमवलेले नातेवाईक, इष्टमित्र, जे जे कोणी ऐकत होते त्या सर्वांवर उतरला. त्यांच्या गुणावगुणांविषयी ग्रंथकर्ता एक शब्दही सांगत नाही. पूर्वग्रहाला अपवाद फार आवडतात, कारण एक अपवाद केला की उरलेल्या सर्वांविषयीचे मत जसेच्या तसे ठेवता येते. पवित्र आत्म्याने पेत्राला ती सोय ठेवली नाही.

ही अपवादाची भाषा माझ्या चांगल्या परिचयाची आहे. काही वर्षांपूर्वी मी किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात सेवेला होतो. जुने, संपन्न, पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेचे गाव. एका कुटुंबातील मुलीचे लग्न जालन्याकडून नोकरीसाठी आलेल्या एका तरुणाशी ठरू पाहत होते. तो गायकवृंदात गात असे. मिस्सा कधी चुकवीत नसे. मुलीचे वडील एका संध्याकाळी मला भेटायला आले. बराच वेळ पावसापाण्याचे बोलून झाल्यावर म्हणाले, "फादर, मुलगा चांगला आहे. ख्रिस्ती आहे, हेही खरं. पण आपल्यातला नाही."

"आपल्यातला म्हणजे?" मी विचारले.

"तुम्हांला कळतंय, फादर." ते खाली पाहत म्हणाले. मग एकदम काही लक्षात येऊन घाईने म्हणाले, "म्हणजे, तुमचं वेगळं आहे."

माझे वेगळे होते, कारण माझ्या अंगावर झगा होता. झग्याखालचा माणूस कोणत्या वस्तीतून आला, हे त्यांना ठाऊक होते. बहुतेक सर्वांनाच ठाऊक होते. मला त्या उद्गाराचा राग आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु तो बाप कपटी नव्हता. त्याची खरी भीती वेगळी होती. आपल्या मुलीचे नाव पुढे कसे घेतले जाईल, ही ती भीती होती. रूथ बेथलेहेमला आली, सासूला अंतर दिले नाही, इस्राएलच्या देवाला आपला देव मानले. तरी त्या पुस्तकात तिच्या नावाला 'मवाबी' हे विशेषण वारंवार चिकटत राहते. श्रद्धेने, कष्टाने, सेवेने ते पुसले जात नाही. भारताच्या कायद्याचीही इथे एक विसंगती आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची ओळख हिंदू धर्मापुरती ठेवली. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. ख्रिस्ती झाल्यावर जात उरत नाही, असे जणू कायदा म्हणतो. आणि ती उरते, हे आमच्या सोयरिकीच्या बैठका रोज सिद्ध करतात.

मी त्या गृहस्थांना उपदेश केला नाही. एवढेच म्हणालो, "नकार द्यायचा तर खुशाल द्या. पण आधी एकदा त्यांच्या घरी जाऊन जेवून या. मग या माझ्याकडे." ते काही न बोलता गेले. दोन महिने मला टाळत राहिले. नंतर कळले की ते पत्नीला घेऊन एसटीने जालन्याकडे जाऊन आले. मुलाच्या आईने चुलीवर भाकरी केल्या होत्या, वडिलांनी विहिरीचे पाणी स्वतः शेंदून आणून दिले होते. आल्यावर ते मला म्हणाले, "फादर, आम्ही तिथे दोनदा जेवलो. दुसऱ्यांदा भूक लागली म्हणून." लग्न ठरले.

गोष्ट इथे संपली असती तर सांगायला सोपी होती. पण पेत्राची कथाही कैसरियात संपत नाही. तो यरुशलेमला परतला तेव्हा तिथल्या बंधूंनी त्याला जाब विचारला. तो कशाबद्दल, हे पाहावे. विदेश्यांना बाप्तिस्मा का दिला, असे त्यांनी विचारले नाही. त्यांच्याबरोबर जेवलास का, असे विचारले (प्रेषितांची कृत्ये ११). पेत्राने धीराने सारी हकीकत सांगितली. आणि हाच पेत्र पुढे अंत्युखियात विदेशी बंधूंबरोबर एका पंगतीला बसत असताना याकोबाकडची काही माणसे येताच हळूच बाजूला झाला. त्याचे पाहून इतर यहुदी बंधूही सरकले. बर्णबासारखा उदार माणूसदेखील त्यांच्यात ओढला गेला. संत पौल गलतीकरांना लिहिताना सांगतो की मी त्याला सर्वांदेखत तोंडावर बोललो (गलती २).

पेत्राचे मत बदलले नव्हते. धाब्यावरचा दृष्टान्त तो विसरला नव्हता. पौल कारण देतो ते एकच: तो भ्याला. आपली माणसे पाहत आहेत, या एका जाणिवेने जिंकलेली लढाई पुन्हा हरता येते. पूर्वग्रह मनातून गेला तरी समाजाच्या डोळ्यांत तो राहतो आणि तिथून आपल्याकडे पाहत असतो.

त्या लग्नाच्या दिवशी मला हा अध्याय माझ्या डोळ्यांपुढे घडताना दिसला. मुलीकडचे पुष्कळ नातेवाईक चर्चमध्ये आले, मिस्सा ऐकली, ख्रिस्तशरीरही स्वीकारले. त्यांतले काहीजण जेवणाला मात्र थांबले नाहीत. एका वेदीवरची भाकर चालली, एका मांडवातली चालली नाही! जालन्याहून आलेली तीस-चाळीस माणसे मांडवाच्या एका कडेला बसली होती. वडील आधी त्यांच्यात वावरत होते. मग त्यांचे थोरले भाऊ आले, आणि वडील हळूहळू भावांच्या टेबलाकडे सरकले, पाठमोरे बसले. माझ्या ते लक्षात आले; मुलीच्याही आले. नववधूच्या वेशात ती उठून तिथवर गेली आणि साऱ्यांच्या देखत म्हणाली, "पप्पा, तुमचं ताट तिकडे वाढलंय. मामंजी थांबलेत तुमच्यासाठी." क्षणभर सगळे गप्प झाले. वडील उठले. त्यांचे भाऊ उठले नाहीत. वडील एकटेच मांडव ओलांडून गेले आणि व्याह्यांच्या शेजारी बसले. ते अंतर फार तर वीस पावलांचे असेल. कैसरियाच्या वाटेपेक्षा ते कमी होते, असे मला वाटत नाही.

मुलीने त्यांना अपमानित केले नाही. त्यांच्या स्वतःच्या अनुभवाकडेच तिने त्यांना परत बोलावले. पौलानेही पेत्राला नवा सिद्धान्त शिकविला नव्हता. तुला जे आधीच कळले आहे त्याप्रमाणे तू सरळ चालत नाहीस, एवढेच दाखविले. आपल्या माणसाला त्याच्याच पंगतीत, त्याच्या तोंडावर, पण त्याला आपला मानून सांगणे, हा पूर्वग्रहाच्या प्रतिकाराचा शास्त्रसंमत मार्ग आहे. परक्यांच्या पूर्वग्रहांवर लेख लिहिणे त्या मानाने सोपे.

तथापि एकट्यादुकट्याच्या धैर्यावर सारे सोपविणे शास्त्राला मान्य नाही. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेत रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार उठली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना फुटीर ठरविले नाही आणि समतेवर प्रवचनही दिले नाही. त्यांनी सर्वांना बोलावून वाटपाची व्यवस्थाच बदलली. स्तेफन, फिलिप, अंत्युखियाचा निकलाव अशी सात माणसे निवडली गेली. सातांचीही नावे ग्रीक आहेत (प्रेषितांची कृत्ये ६). ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाढण्याचा डाव दिला गेला. संत याकोबही आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात भावनांविषयी बोलत नाही, बसण्याच्या जागेविषयी बोलतो: सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाचे आसन आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायापाशी जागा, हे पाप आहे असे तो स्पष्ट म्हणतो. आपल्या धर्मग्रामांत या दोन उताऱ्यांचा हिशेब मांडून पाहावा. धर्मग्राम परिषदेवर कोणत्या आळीची किती माणसे आहेत? सणाच्या मिस्सेला वाचन कोण करते? झारखंड-ओडिशातून कामाला आलेली आदिवासी ख्रिस्ती कुटुंबे कोणत्या बाकांवर बसतात, की दारातच उभी असतात? प्रश्न साधे आहेत. उत्तरे मोजता येतात.

इथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. या कथा वाचून यहुदी लोक संकुचित आणि आपण उदार, असा निष्कर्ष काढणे हा नवा पूर्वग्रह होईल. नथनेल, पेत्र, पौल, सारे यहुदीच होते. आपल्याच माणसांचे दोष इतक्या निर्भयपणे ग्रंथात नोंदवून ठेवणारी परंपराही त्यांचीच. उलट त्याच ग्रंथाचा आधार घेऊन ख्रिस्ती जगाने यहुद्यांचा शतकानुशतके द्वेष केला. शुभ शुक्रवारच्या त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेतील अवमानकारक विशेषण काढायला १९५९ साल उजाडावे लागले. ते पोप तेविसावे जॉन यांनी काढले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने प्रभूच्या मरणाचा दोष त्या समाजावर लादता येणार नाही, असे जाहीर केले. आपल्या देशातील कॅथलिक बिशपांनीही १९८२ साली तिरुचिरापल्लीच्या सभेत जातिभेदाला ख्रिस्ती धर्मात स्थान नाही असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आणि २०१६ साली दलितांच्या सबलीकरणाचे धोरणपत्र प्रसिद्ध केले. ख्रिस्तसभा शिकते, पण सावकाश. आणि कागदावर शिकलेले मांडवात उतरायला आणखी वेळ लागतो.

म्हणून वाचकांना माझी विनंती छोटीच आहे. ज्यांच्याविषयी आपण 'ती माणसे' असे अनेकवचनात बोलतो, त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी या वर्षात एकदा पाहुणे म्हणून जावे. भेटवस्तू, मदत, जुने कपडे काही नेऊ नये. रिकाम्या हाताने जावे, पाणी मागावे आणि ते देतील ते खावे. मग जमले तर त्यांना आपल्या घरी बोलवावे, आणि तेही आपले भाऊबंद घरात असताना.

पेत्राला हे एका दमात जमले नाही, यात मला मोठा दिलासा वाटतो. यापोच्या धाब्यावर तो शिकला, कैसरियात वागला, अंत्युखियात चुकला. त्याची चूक ख्रिस्तसभेने लपविली नाही. ती पवित्र शास्त्रात ठेवली आणि मिस्सेत मोठ्याने वाचायला लावली. ज्याने त्याला सर्वांदेखत सुनावले तो पौल आणि ज्याने ते ऐकून घेतले तो पेत्र, या दोघांचा सण आपण २९ जूनला एकत्र साजरा करतो. यंदाच्या त्या सणाला पंगत कोणाची कोणाशेजारी मांडायची, हे आपल्या हाती आहे.